विदा केंद्र, लघू घटकबद्ध

संगणकीय माहिती साठविणारी, तिच्यावर प्रक्रिया करणारी व ती दूरसंचार जालाद्वारे पुरविणारी यंत्रसामग्री, तसेच तिला लागणारा वीजपुरवठा, शीतन व अग्निसंरक्षण यांची व्यवस्था कारखान्यात ठराविक मापाच्या संचांत तयार करून जागेवर नुसती जोडली, म्हणजे तिला घटकबद्ध विदा केंद्र म्हणतात. ‘विदा’ म्हणजे संगणकास दिलेली वा त्याने साठविलेली माहिती. व्यवहारात ‘मोड्युलर डेटा सेंटर’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. अशा एका घटकाची क्षमता काही दहा किलोवॉटांपासून सु. १ मेगावॉटपर्यंत असते आणि गरज वाढेल तसे नवे घटक जोडता येतात. प्रस्तुत नोंदीत गृहसंकुले, व्यापारी संकुले, औद्योगिक वसाहती व नव्या नगर वसाहती यांच्या आराखड्यात अशा केंद्रांचा अंतर्भाव करताना उद्‌भवणाऱ्या बाबींचा विचार केला आहे. बांधकामाच्या दृष्टीने विदा केंद्र ही कचेरी नव्हे. अहोरात्र वीज घेऊन तिचे जवळजवळ संपूर्ण उष्णतेत रूपांतर करणारे ते यंत्रघर होय. त्याच्या नियोजनातील बहुतेक प्रश्न या एकाच गुणधर्मातून निर्माण होतात.

पूर्वेतिहास : आरंभीच्या संगणकांना संपूर्ण दालन लागत असे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४६ मध्ये कार्यान्वित झालेल्या एनिॲक या संगणकाला सु. १५० किलोवॉट वीज लागे. पुढे संगणक लहान झाले, परंतु एकत्र ठेवावयाच्या संगणकांची संख्या इतकी वाढली की, त्यांच्यासाठी पुन्हा स्वतंत्र इमारती उभारणे भाग पडले. अशी इमारत पूर्ण होण्यास मोठा कालावधी लागतो आणि आरंभी तिची बरीचशी क्षमता वापराविना पडून राहते. यावर उपाय म्हणून सागरी मालवाहतुकीच्या पोलादी पेट्यांचा (कंटेनरांचा) उपयोग करण्याची कल्पना पुढे आली. या पेट्या सु. ६·१ मी. वा १२·२ मी. लांब व २·४४ मी. रुंद अशा ठराविक मापाच्या असल्याने जहाज, रेल्वे व मालमोटार या तिन्हींवरून नेता येतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ऑक्टोबर २००६ मध्ये ६·१ मी. लांबीच्या पेटीत बसविलेले विदा केंद्र प्रसिद्धीस दिले. गूगल कंपनीने आपण २००५ पासून अशा पेट्या वापरत असल्याचे २००९ मध्ये जाहीर केले. तिच्या एका पेटीत १,१६० संगणक होते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ८६४ संगणकांचा एक बंद दंडगोल समुद्रतळाशी ठेवून २०२० मध्ये तो वर काढला. हा प्रयोग पुढे व्यापारी स्वरूपात चालू राहिला नाही. तथापि कारखान्यात पूर्ण तयार केलेला घटक जागेवर दीर्घकाळ विनाहस्तक्षेप चालू शकतो, हे त्यावरून दिसून आले.

रचना : केंद्रातील संगणक सु. २ मी. उंच व ६० सेंमी. रुंद अशा पोलादी मांडण्यांत (रॅकमध्ये) बसवितात. सर्वसाधारण कामाच्या एका मांडणीस ५ ते १० किलोवॉट वीज लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या मांडण्यांची गरज याच्या कित्येक पट असते. मांडण्यांच्या ओळी अशा लावतात की, एका बाजूच्या वाटेतून थंड हवा आत जावी व दुसऱ्या बाजूच्या वाटेत गरम हवा बाहेर पडावी. मांडण्यांखेरीज घटकात अखंड वीजपुरवठ्याचे साधन (यूपीएस), विद्युत् घटमाला, शीतक यंत्रे, धूरशोधक व नियंत्रण-साधने असतात. डिझेलवर चालणारे जनित्र बाहेर बसवितात. केंद्राला लागणारी एकूण वीज व प्रत्यक्ष संगणकांना लागणारी वीज यांच्या गुणोत्तरावरून केंद्राची कार्यक्षमता ठरवितात. हे गुणोत्तर १·५ असेल, तर संगणकांना १०० किलोवॉट पुरविण्यासाठी एकूण १५० किलोवॉट घ्यावे लागतात. विश्वसनीयतेनुसार अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेने केंद्रांच्या चार पातळ्या ठरविल्या आहेत. पहिल्या पातळीशी वर्षाकाठी सु. २८·८ तास, तिसरीशी सु. १·६ तास व चौथीशी सु. २६ मिनिटे एवढा खंड निगडित मानण्याची प्रथा आहे. पातळी वाढते तशी वीज व शीतन यांची दुहेरी व्यवस्था करावी लागते आणि खर्च वाढतो.

वास्तुविकासातील स्थान : भारतात रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी काढलेल्या आदेशान्वये देयक व्यवहारांची माहिती देशातच साठविणे बंधनकारक झाले. त्यानंतर विदा केंद्रांची मागणी वेगाने वाढली. समुद्राखालून येणाऱ्या दूरसंचार तारा मुंबईच्या किनाऱ्यास लागत असल्याने या उद्योगाचे केंद्रीकरण मुंबई, ठाणे-बेलापूर पट्टा व पनवेल येथे झाले. बांधकाम-व्यवसाय व विदा केंद्र यांच्या एकत्रीकरणाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पनवेल येथील हिरानंदानी फॉर्च्यून सिटी या नगर वसाहतीत आढळते. हिरानंदानी उद्योगसमूहातील योट्टा या कंपनीने तेथे बांधलेल्या ‘एनएम १’ या इमारतीचे उद्‌घाटन जुलै २०२० मध्ये झाले. तिचे क्षेत्र सु. ८·२ लक्ष चौ. फुट असून तीत ७,२०० मांडण्यांची व ५० मेगावॉटची सोय आहे. जमीन, रस्ते, वीज व पाणी यांची मूळ आखणी एकाच उद्योगसमूहाच्या हाती असणे, हे अशा प्रकल्पाचे वैशिष्ट्य होय.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेंद्रा व बिडकीन येथे दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या योजनेत वसविलेले ऑरिक हे नियोजित औद्योगिक नगर या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याचे एकूण क्षेत्र सु. १०,००० एकर असून ऑरिक हॉल या मध्यवर्ती इमारतीचे उद्‌घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. वीज, पाणी, सांडपाणी व दूरसंचार यांच्या वाहिन्या भूमिगत नेण्याची तरतूद येथे मूळ अभिन्यासातच केली आहे. विदा केंद्र नंतर आणावयाचे झाले, तरी ज्या पूर्वतयारीवाचून ते शक्य नसते, ती हीच.

पनवेलसारख्या मोठ्या केंद्राच्या तुलनेत लघू घटकाचा उपयोग निराळा असतो. सहकारी बँका, रुग्णालये, महाविद्यालये, शासकीय कचेऱ्या, दूरध्वनी कंपन्यांची स्थानिक साधने व संकुलातील छायाचित्रण यंत्रणा हे त्याचे ग्राहक होत. केंद्र जवळ असल्याने माहिती त्वरित मिळते, असा त्याचा एक लाभ सांगितला जातो. तो मर्यादित अर्थानेच खरा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सु. २ लक्ष किमी. जातो. नांदेड ते मुंबई हे अंतर सु. ६०० किमी. धरल्यास जाण्यायेण्यास केवळ ६ सहस्रांश सेकंद लागतात व बहुतेक कामांना हा विलंब जाणवत नाही. लहान गावांतील खरी अडचण तार तुटण्याची व वीज जाण्याची असते. मुख्य तार तुटली असतानाही रुग्णालयाच्या वा बँकेच्या नोंदी स्थानिक पातळीवर उपलब्ध राहणे, हाच लघू केंद्राचा मुख्य लाभ मानावा लागतो.

जागा व भार : पूर्ण भरलेल्या एका मांडणीचे वजन सु. १,००० किग्रॅ. भरते व ते १ चौ. मी. पेक्षा कमी जागेवर पडते. निवासी इमारतीची जमीन मात्र भारतीय मानकानुसार दर चौ. मी. स सु. २०० किग्रॅ. चल भार धरून आखलेली असते. त्यामुळे तयार इमारतीच्या वरच्या मजल्यावरील रिकाम्या सदनिकेत वा सभागृहात असे केंद्र बसविणे धोक्याचे ठरते. तळघर भारास योग्य असले, तरी तेथे पावसाचे पाणी शिरण्याचे भय असते. स्वतंत्र जोत्यावर, पूररेषेच्या वर व मालमोटार आणि यारी पोहोचेल अशा ठिकाणी घटक ठेवणे श्रेयस्कर असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेला भूकंप व २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली-नांदेड भागात जाणवलेला ४·५ तीव्रतेचा धक्का लक्षात घेता, मराठवाड्यात मांडण्या व घटमाला पायाशी जखडणे आवश्यक आहे.

वीज : १५० किलोवॉटचा अखंड भार म्हणजे दिवसाला ३,६०० व वर्षाला सु. १३ लक्ष युनिटे होत. महिना १५० युनिटे वापरणाऱ्या सु. ७३० कुटुंबांना एवढी वीज पुरते. साहजिकच हा भार संकुलाच्या सामाईक जोडणीवर टाकता येत नाही. त्यास स्वतंत्र रोहित्र, स्वतंत्र मापक व शक्यतो दोन निरनिराळ्या उपकेंद्रांकडून येणाऱ्या वाहिन्या लागतात. वीज गेल्यास घटमाला काही मिनिटे पुरते आणि तेवढ्या अवधीत जनित्र सुरू व्हावे लागते. एवढ्या भाराला ताशी सु. ४० लिटर, म्हणजे दिवसाला सु. १,००० लिटर डिझेल जळते. सौर विजेने ही गरज पूर्णपणे भागवावयाची झाल्यास, दर किलोवॉट क्षमतेमागे दिवसाला सु. ४ युनिटे धरून ९०० किलोवॉटचे पट्ट लागतील. त्यांना सु. २ एकरांहून अधिक जागा लागेल व रात्रीसाठी साठवण वेगळी करावी लागेल. छतावरील पट्टांनी सर्व भार उचलला जाईल, असे गृहीत धरणे त्यामुळे योग्य नाही.

शीतन व पाणी : संगणकांना पुरवावयाच्या हवेचे तापमान सर्वसाधारणपणे १८° ते २७° से. असावे, अशी शिफारस आहे. काही प्रकारची यंत्रे याहून बरेच अधिक तापमान सहन करतात. हिवाळ्याच्या रात्री बाहेरची हवा गाळून थेट वापरता येते. नांदेड जिल्ह्यात एप्रिल व मे महिन्यांत तापमान ४२° से. च्या वर जात असल्याने त्या काळात कृत्रिम शीतन अटळ असते [⟶ वातानुकूलन]. त्याचे प्रमुख प्रकार तीन आहेत. पहिल्यात पाण्याचे बाष्पीभवन करून उष्णता घालवितात. यात वीज कमी व पाणी जास्त लागते. दुसऱ्यात उष्णता हवेत सोडतात. यात पाणी जवळजवळ लागत नाही, परंतु उन्हाळ्यात वीज जास्त लागते. तिसऱ्यात यंत्राच्या उष्ण भागालगत बंद नळ्यांतून द्रव फिरवितात. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील परम ब्रह्म या २०१९ मधील महासंगणकात ही तिसरी पद्धत वापरली आहे.

बाष्पीभवनाने १ युनिट विजेइतकी उष्णता घालविण्यास सु. १·५ लिटर पाणी लागते. त्यात क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावयाच्या पाण्याची भर पडते. यावरून १०० किलोवॉटच्या संगणकांना दिवसाला सु. ४,५०० लिटर व १ मेगावॉटला सु. ४५,००० लिटर पाणी लागेल. जल जीवन अभियानात ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने पहिला आकडा सु. ८० व दुसरा सु. ८२० माणसांच्या पाण्याइतका होतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सु. ५ लक्ष लिटर पाणी होते. बाष्पीभवनावर चालणाऱ्या १ मेगावॉटच्या केंद्राला ते जेमतेम ११ दिवस पुरले असते. या भागात प्रक्रिया केलेले सांडपाणी उपलब्ध नसेल, तर पाण्यावाचून चालणारी पद्धत स्वीकारणे व तिच्यासाठी लागणारी जास्तीची वीज प्रारंभीच हिशेबात धरणे क्रमप्राप्त ठरते.

आग व ध्वनी : लिथियम घटमालांना लागलेली आग विझविणे कठीण असते. फ्रान्समधील स्ट्रॅस्‌बर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी लागलेल्या आगीत एक विदा केंद्र पूर्ण जळाले व लगतच्या, पेट्या रचून उभारलेल्या केंद्रातील १२ पैकी ४ दालने नष्ट झाली. दक्षिण कोरियात देजॉन येथील शासकीय केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी घटमालेपासून आग लागून शेकडो शासकीय संगणक-सेवा बंद पडल्या. घटक एकमेकांस चिकटवून अथवा एकावर एक ठेवल्यास त्यांच्या सुटेपणाचा लाभ आगीच्या वेळी नाहीसा होतो, हे पहिल्या घटनेवरून दिसते. घटमाला वेगळ्या कक्षात ठेवणे, घटकांत मोकळे अंतर राखणे, अग्निशामक वाहनास वाट ठेवणे आणि माहितीची प्रत दुसऱ्या गावी ठेवणे, ही त्यावरील उपाययोजना होय. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. शीतक यंत्रांचे पंखे रात्रभर चालत असल्याने घटकाचे तोंड निवासी इमारतींच्या विरुद्ध दिशेस ठेवतात व मधे भिंत घालतात.

कायदेशीर बाजू : केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये विदा केंद्रांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. त्यामुळे दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणे सुकर झाले. परंतु त्यासाठी किमान ५ मेगावॉट क्षमतेची अट असल्याने लघू केंद्रांना हा लाभ मिळत नाही. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणातही विदा केंद्रांचा विचार केलेला आहे. सदनिकाधारकांच्या दृष्टीने स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अधिक महत्त्वाचा आहे. या अधिनियमानुसार वीज, पाणी, वातानुकूलन यांसारख्या केंद्रीय सेवांची साधने व प्रकल्पात दाखविलेल्या सामुदायिक सुविधा सामाईक क्षेत्रात मोडतात. तसेच मंजूर आराखड्यात मोठा बदल करण्यास दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी पूर्वसंमती लागते. विदा केंद्र सामाईक सुविधा आहे की विकासकाचा स्वतंत्र व्यवसाय आहे, हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट केलेले नसेल, तर भाडे कोणी घ्यावे, विजेची थकबाकी कोणी भरावी व यंत्रे कालबाह्य झाल्यावर ती कोणी हलवावीत, यांविषयी तंटे उद्‌भवतात. इमारतीचे आयुष्य पाच-सहा दशकांचे, तर संगणकांचे पाच-सहा वर्षांचे असते. म्हणून जागेचा करार, वीजजोडणी व घटक हटविण्याची जबाबदारी स्वतंत्रपणे लिहून ठेवणे इष्ट असते. व्यक्तिगत माहिती साठविणाऱ्यांना अंकीय व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ही लागू होतो.

उष्णतेचा पुनर्वापर : थंड हवेच्या देशांत केंद्रातील उष्णता इमारतींना पुरवितात. पॅरिसमधील ब्यूत-ओ-काय येथील जलतरण तलावाचे पाणी २०१७ पासून, तर इंग्लंडमधील एक्समथ येथील तलावाचे २०२३ मध्ये अशा लघू केंद्राच्या उष्णतेने तापविण्यात आले. मराठवाड्यात घरे तापविण्याची गरज नाही. रुग्णालय वा वसतिगृह यांच्या स्नानाच्या पाण्याचे पूर्वतापन, तसेच पावसाळ्याअखेर निघणारे सोयाबीन वाळविणे, हे उपयोग संभवतात. हळदीचे वाळवण मात्र कडक उन्हाच्या दिवसांत होत असल्याने तेथे या उष्णतेला फारशी किंमत येणार नाही.

तालुक्याच्या गावातील उपयोजन : नांदेड जिल्ह्यातील बिलोली हे तेलंगणाच्या सीमेजवळचे, मांजरा नदीच्या परिसरातील तालुक्याचे गाव उदाहरणादाखल घेता येईल. येथे नगरपरिषद, तहसील, उपविभागीय कार्यालय व न्यायालय आहे. म्हणजे लघू केंद्राला लागणारा कचेऱ्यांचा समूह आहे. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याच्या, २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट या नावाने चाललेल्या योजनेमुळे तालुक्याच्या ठिकाणास जालातील सांध्याचे महत्त्व आले आहे. परंतु पाण्याची स्थिती नाजूक आहे. शेजारच्या धर्माबाद तालुक्यातील गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे, सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयानुसार, दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात; पावसाळ्यात वाहणारे पाणी त्या काळात तेथे अडविता येत नाही. नदी जवळ असणे म्हणजे पाणी हाताशी असणे नव्हे, याचे हे उदाहरण होय.

अशा गावी नव्या अभिन्यासात २० ते ३० किलोवॉटचा एक घटक, हवेने थंड होणारा, सुविधा-भूखंडावर ठेवणे व आणखी दोन-तीन घटकांपुरते जोते, नळमार्ग आणि रोहित्राची जागा राखून ठेवणे, ही पद्धत व्यवहार्य ठरते. ग्राहक मिळाले नाहीत, तर राखीव जागा अन्य उपयोगात आणता येते व घटक दुसरीकडे नेता येतो. दोन वेगळ्या मार्गांनी येणाऱ्या काचतंतूंची सोय झाल्याखेरीज मात्र केंद्राची विश्वसनीयता कागदावरच राहते.

मर्यादा : लघू केंद्रात प्रत्येक किलोवॉटमागे येणारा खर्च मोठ्या केंद्रापेक्षा अधिक असतो आणि चोवीस तास देखरेख करणारे तंत्रज्ञ लहान गावी मिळविणे अवघड जाते. बांधकाम संपल्यावर अशा केंद्रात थोडक्याच लोकांना काम मिळते. म्हणून रोजगारनिर्मिती हे त्याच्या समर्थनाचे मुख्य कारण होऊ शकत नाही. केंद्रामुळे भूखंडाची किंमत वाढेल, ही अपेक्षाही ग्राहक निश्चित असल्यासच सार्थ ठरते. एखाद्या वसाहतीत असे केंद्र असावे की नाही, हे तेथील कचेऱ्या, रुग्णालये व बँका यांची निश्चित मागणी, दुहेरी वीजवाहिनी आणि उन्हाळ्यातील पाण्याचा ताळेबंद या तीन गोष्टींवरून ठरविणे योग्य होय. हा ताळेबंद अभिन्यास मंजूर होण्यापूर्वी मांडला, तरच त्याचा उपयोग होतो. इमारती उभ्या राहिल्यानंतर आणलेल्या यंत्रघराची वीज, पाणी व आवाज यांचा भार अखेर रहिवाशांवर पडतो.